बारीक अवजार, लहान पोट

आमच्या कापूरहोळला महामार्गावरून एक रस्ता भोरकडे फुटतो आणि एक नारायणपूर-सासवडकडे. पण घरात कोणी जास्त आजारी झाले की गाडी निघते ती पुण्याच्याच दिशेने. अलीकडे 'रोबोटिक शस्त्रक्रिया' हे शब्द आपल्याही घरांत पोहोचले आहेत. मामूंचे प्रोस्टेटचे ऑपरेशन रोबोटने झाले, खालांचा गुडघा रोबोटने बदलला, अशा गोष्टी लग्नाच्या दावतीत ऐकू येतात. मोठ्या माणसांचे ठीक आहे. पण दहा महिन्यांच्या लेकराच्या पोटात जाणारे अवजार केवढे असते, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. कठीण गोष्ट आधी आपण समजून घ्यायची आणि मग सोप्या शब्दांत सांगायची, एवढेच आमचे रोजचे काम.

आमच्या धाकट्या भावाचे महामार्गालगत गॅरेज आहे. भावजयीला सातवा महिना असताना सोनोग्राफीत दिसले की पोटातल्या बाळाच्या डाव्या मूत्रपिंडाला सूज आहे. मूत्रपिंडातून लघवी ज्या नळीत उतरते, त्या नळीच्या तोंडाशीच जागा अरुंद होती. पाणी साचले की मूत्रपिंड फुगते. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते की अशा पुष्कळ बाळांची सूज पुढे आपोआप उतरते, त्यामुळे घाई करायची नाही, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत. आम्ही एकही तारीख चुकवली नाही. बाळ रांगू लागले, अम्मीच्या तस्बीहचे मणी ओढू लागले. पाहणाऱ्याला त्याला काही आजार आहे असे वाटलेही नसते. पण नवव्या महिन्यात सूज वाढलेली दिसली आणि मूत्रपिंडाचे काम मोजणाऱ्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूचे काम कमी होत चालल्याचे निघाले. आता थांबणे म्हणजे मूत्रपिंड गमावणे. ऑपरेशन ठरले.

हे ऑपरेशन नवे नाही. अरुंद भाग कापून काढायचा आणि नळीचे निरोगी तोंड मूत्रपिंडाला पुन्हा जोडून शिवायचे, ही पद्धत अँडरसन आणि हाइन्स या दोन डॉक्टरांनी १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये मांडली आणि आजही तीच चालते. बदलला आहे तो आत जाण्याचा मार्ग. एक मार्ग कुशीला छोटी चीर देऊन थेट हाताने करण्याचा. दुसरा दुर्बिणीचा, म्हणजे पोटाला बारीक छिद्रे पाडून लांब अवजारांनी करण्याचा. तिसरा रोबोटचा.

आमच्याकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. मुंबईच्या नातेवाइकांचा फोन आला की पैशांकडे पाहू नका, रोबोटनेच करा, चिराच पडत नाही. भाऊ कर्ज काढायला तयार झाला. भावजयीने निकाहातले दागिने डब्यातून काढून ठेवले. एका ठिकाणी आम्ही चौकशीला गेलो तर समोरच्या माणसाने आधी पॅकेजचा आकडा सांगितला. बाळाचे वजन किती, हे त्याने विचारलेच नाही. तिथून उठलो. परत येताना अम्मी गाडीत गप्प होत्या. खेड-शिवापूरचा टोलनाका मागे पडल्यावर त्यांनी एकच विचारले, "मशीन है, समझी. लेकिन हात किसका?"

हाच प्रश्न घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते फक्त मुलांच्या मूत्रमार्गाची ऑपरेशने करतात, रोबोटवरही करतात. अम्मींचा प्रश्न आम्ही जसाच्या तसा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "आजी, हात माझाच. रोबोट स्वतः काहीच करत नाही."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. डॉक्टर त्याच खोलीत थोडे बाजूला एका पेटीसमोर बसतात. आतले दृश्य त्यांना खोलीसह, दहापटीपर्यंत मोठे दिसते. त्यांची बोटे जशी हलतील तशी रुग्णाच्या पोटातली अवजारे हलतात. हात तीन सेंटिमीटर सरकला तर टोक एकच सेंटिमीटर सरकेल, असे प्रमाण लावून ठेवता येते. हाताची बारीक थरथर यंत्र गाळून टाकते. सगळ्यात मोठा फायदा टोकाचा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली साधी अवजारे सरळ काडीसारखी असतात. पोटाच्या छिद्रात ती टेकलेली असल्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते, आणि अशा काडीने आत टाके घालणे फार अवघड असते. रोबोटच्या अवजाराला टोकाशी मनगट असते. ते वळते, मुडपते, फिरते. कळसूत्री बाहुली जशी दोऱ्यांवर नाचते, तसे हे मनगट आत ओवलेल्या बारीक तारांवर आणि इवल्याशा कप्प्यांवर फिरते. केसाएवढ्या दोऱ्याने नळी जोडायची असेल तेव्हा या मनगटाचे मोल कळते.

एक उणीवही त्यांनी सांगितली. बहुतेक रोबोटांमध्ये डॉक्टरांच्या बोटांना आतला स्पर्श जाणवत नाही. दोरा किती ताणला गेला, हे डोळ्यांनी पाहूनच ओळखावे लागते. ताण जाणवून देणारी अवजारे अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झालेल्या नव्या यंत्रात आली आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी डोळ्यांचा सरावच कामाला येतो.

इथवर ऐकून आमचे मन रोबोटकडे झुकले होते. भावाने विचारले, "मग लहान बाळासाठी याचे लहान अवजार असेल ना?"

डॉक्टरांनी खिशातले पेन काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, साधारण एवढे जाड. जगात सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या 'दा विंची' रोबोटचे नेहमीचे अवजार ८ मिलिमीटर जाड असते. या यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका लहान मुलीवर रोबोटने केलेल्या ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे मुलांसाठी त्याचा वापर जवळजवळ सुरुवातीपासून आहे. पण यंत्र घडवले गेले ते मोठ्या माणसाच्या पोटाच्या मापाने. मोठ्या माणसाच्या पोटात वायू भरला की पाच-सहा लिटरची पोकळी मिळते. वर्षाच्या बाळाच्या पोटात मिळते ती जेमतेम एका लिटरची. पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत दुर्बीण आणि दोन-तीन अवजारे फिरवायची!

मग अवजारे बारीक का करत नाहीत? केली होती. याच कंपनीने जुन्या यंत्रांसाठी ५ मिलिमीटरची अवजारे काढली होती. पण एवढ्या बारीक नळीत नेहमीच्या मनगटाच्या कप्प्या मावेनात, म्हणून सापाच्या मणक्यांसारखे अनेक सांध्यांचे मनगट बनवावे लागले. ते वळायला टोकाच्या मागे जास्त लांबी लागते. परिणाम उलटा झाला. अवजार बारीक झाले, पण त्याला फिरायला जागा जास्त लागू लागली. म्हणून लहान मुलांवर काम करणारे कित्येक डॉक्टर बारीक अवजार सोडून ८ मिलिमीटरचेच घेत राहिले. २०१४ मध्ये आलेल्या पुढच्या यंत्राला तर ५ मिलिमीटरची अवजारे ठेवलीच नाहीत.

आम्ही शिक्षक, हे ऐकून दोनदा विचारले. भावाला एकदाच ऐकून पटले. घरी येऊन त्याने अम्मी आणि भावजयीला गॅरेजच्या भाषेत सांगितले, "इंजिनच्या कोपऱ्यातला नट खोलायचा असेल तर पाना पातळ आहे की जाड, हे नंतर. आधी पाना फिरायला जागा आहे का ते बघायचे. लांब दांड्याचा पाना कितीही पातळ असू दे, कोपऱ्यात फिरत नाही." आम्ही वर्गात एवढे सोपे कधी समजावू शकलो असतो की नाही, कोण जाणे.

अडचण फक्त आतच नाही, बाहेरही आहे. रोबोटचे हात बाळाच्या वर उभे असतात. दोन छिद्रांमध्ये पुरेसे अंतर नसेल तर ते हात एकमेकांवर आदळतात. मोठ्या माणसात हे अंतर साधारण ८ सेंटिमीटर ठेवायला सांगतात. तान्ह्या बाळाच्या अख्ख्या पोटावर तेवढी मोकळीक कुठून आणायची? अमेरिकेतल्या काही बालमूत्ररोग शल्यचिकित्सकांनी २०१५ मध्ये यावर एक साधे गणित मांडले. कंबरेच्या दोन हाडांच्या पुढच्या टोकांमधले अंतर १३ सेंटिमीटरपेक्षा जास्त, आणि छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंतचे अंतर १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर रोबोटचे हात कमी आदळतात. वयापेक्षा आणि वजनापेक्षा हे माप त्यांना जास्त उपयोगी वाटले. आमच्या डॉक्टरांनी शिंप्याकडे असते तशी टेप काढली. बाळाला वाटले खेळ आहे, ते टेप तोंडात घालायला धावले. कंबरेचे माप बारा सेंटिमीटरही भरले नाही.

डॉक्टर म्हणाले, "रोबोटने अजिबात होणार नाही असे नाही. याहून लहान बाळांवरही जगात झाले आहे. पण या बाळासाठी मी कुशीला तीन-साडेतीन सेंटिमीटरची चीर देऊन हाताने करीन. नळी समोर येते, टाके थेट घालता येतात. हेच मूल आठ-नऊ वर्षांचे असते तर मी रोबोट सुचवला असता."

रोबोटचा डॉक्टर स्वतःच रोबोट नको म्हणतो, यावर आम्ही दोन दिवस बोललो. मुंबईहून पुन्हा फोन आला. त्यांना वाटले, आम्ही पैशांसाठी मागे हटतो आहोत. भावालाही ते लागले. बापाला वाटतेच की सर्वात महाग तेच सर्वात चांगले, आणि लेकरासाठी काही राखून ठेवले असे कोणी म्हणू नये. शेवटी अम्मी म्हणाल्या, ज्याच्याकडे दोन्ही अवजारे आहेत आणि तो त्यातले एक बाजूला ठेवतो, त्याचे ऐका. मसलत तिथेच संपली.

त्या दिवसांत आम्हाला अबुल कासिम अज़-ज़हरावी यांची आठवण होत होती. इसवी सन ९३६ मध्ये कुर्तुबाजवळच्या मदीनत-अज़-ज़हरा इथे जन्मलेले हे शल्यचिकित्सक. 'अत्-तसरीफ' हा त्यांचा ग्रंथ तीस भागांचा, आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे अवजारांची वर्णने चित्रांसह दिली आहेत. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातले डॉक्टर कित्येक शतके तो वाचत राहिले. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्यांनी मुलांविषयी काय लिहिले ते सहसा सांगत नाही. जन्मतः लघवीचे छिद्र बंद असलेल्या बाळाचे छिद्र मोकळे करून, ते पुन्हा मिटू नये म्हणून काही दिवस शिशाची बारीक सळी आत ठेवावी, असे त्यांनी सांगितले आहे. मुलांच्या खतन्यासाठी कात्री कशी असावी, हे त्यांनी चित्र काढून दाखवले. आणि ती कात्री मुलाच्या नजरेला पडू नये अशी लपवून ठेवावी, मुलाला आधी खूश करावे, हेही लिहिले. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने अवजाराचा विचार अवजारापाशी थांबवला नाही. ते कोणाच्या अंगाला लागणार आहे, तिथपर्यंत नेला.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला भावजयीच्या कडेवरून घेतले. दार बंद झाले. आमच्या कापूरहोळचे नाव इतिहासात धाराऊ गाडे यांच्यामुळे आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला. आईसाहेब आजारी, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊंनी त्यांना दूध पाजून वाढवले. शाळेत हा धडा सांगताना आम्ही नेहमी धाराऊंच्या बाजूने सांगत आलो. त्या सकाळी पहिल्यांदा दुसरी बाजू कळली. आपले तान्हे मूल परक्याच्या हातात द्यायला किती बळ लागते! अमानत हा शब्द आम्ही कितीदा शिकवला असेल.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. जोड चांगला झाला होता. नळी मिटू नये म्हणून आत एक बारीक मऊ नळी ठेवली होती. ज़हरावींच्या सळीचीच ही पणती म्हणायची! तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. सहा आठवड्यांनी ती नळी काढली. पुढच्या तपासणीत सूज उतरलेली होती आणि डाव्या मूत्रपिंडाचे काम टिकले होते. अल्लाहचे शुक्र.

यावरून कोणी रोबोट वाईट असा अर्थ काढू नये. थोड्या मोठ्या मुलांमध्ये हेच ऑपरेशन आज अनेक ठिकाणी रोबोटने होते. जखम लहान, दुखणे कमी, मूल लवकर खेळू लागते. मुलांमधल्या रोबोटिक शस्त्रक्रियांत हे ऑपरेशन सर्वात जास्त होणाऱ्यांपैकी आहे. अवजारेही बदलत आहेत. 'व्हर्सियस' नावाच्या ब्रिटिश रोबोटचे मनगट असलेले अवजार ५ मिलिमीटरचे आहे, आणि माणसांवरची त्याची पहिली चाचणी आपल्या पुण्यातच, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात २०१९ मध्ये झाली. ती मोठ्या माणसांवर होती. 'सेनहान्स' या दुसऱ्या यंत्राकडे ३ मिलिमीटरची अवजारे आहेत आणि मुलांसाठी त्याला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र त्या ३ मिलिमीटरच्या अवजारांना मनगट नाही. म्हणजे आजही बारीकपणा आणि मनगट यांत देवाणघेवाण चालूच आहे. कप्पी जितकी लहान, तितकी तार जास्त वाकते आणि लवकर झिजते. शिवाय अशी ऑपरेशने लागणारी मुले थोडी, मोठी माणसे पुष्कळ. कारखाना पुष्कळांच्या मापाने माल काढतो. इयत्ता पहिलीच्या मुलाला सातवीचा गणवेश दुमडून घालावा, तसे मुलांचे डॉक्टर अजून मोठ्यांची अवजारे वापरून काम भागवत आहेत.

म्हणून आपल्या घरात असा प्रसंग आला तर "रोबोट आहे का?" एवढेच विचारून थांबू नये. आमच्या वहीत तेव्हा लिहिलेले प्रश्न इथे देतो. ऑपरेशन आत्ताच गरजेचे आहे का, की वाट पाहता येईल? आमच्या मुलाच्या वयाच्या आणि वजनाच्या किती मुलांवर तुम्ही हे स्वतः केले आहे? छिद्रे किती, आणि अवजार किती मिलिमीटरचे? याच मुलासाठी चीर देऊन केले तर काय फरक पडेल? मधेच अडचण आली तर चीर देऊन पूर्ण करणारे तुम्हीच असाल का? भूल देणारे डॉक्टर लहान मुलांचेच आहेत का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आमचे तर उलट खुलून बोलू लागले.

पैशांचेही आधी पाहावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या शस्त्रक्रिया आहेत, आणि तिचे संरक्षण वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. कर्ज काढण्याआधी आणि दागिने मोडण्याआधी त्याला भेटावे. कोणते ऑपरेशन आणि कोणती पद्धत योजनेत बसते, ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. भावजयीचे दागिने आमच्या घरात पुन्हा डब्यात गेले.

आता ते मूल चालते. गॅरेजमध्ये जाऊन बापाचे पाने उचलते आणि सगळ्यात मोठा पानाच धरून बसते. पुढची सोनोग्राफी ईदनंतर आहे. मागच्या महिन्यात नसरापूरच्या एका घरातून आम्हाला बोलावणे आले. त्यांच्या सुनेच्या सोनोग्राफीत असेच काही दिसले आहे आणि घरात रडारड चालू होती. आम्ही चहा घेतला, सूज पुष्कळदा आपोआप उतरते हे सांगितले, तपासण्या चुकवू नका म्हणालो, आणि ती प्रश्नांची वही त्यांच्याकडे ठेवून आलो.